रुवैसची ऑफर आणि लोट्यातली सहा वर्षं

वाचकाचं पत्र, थोडक्यात: खेड तालुक्यातल्या एका २९ वर्षांच्या वाचकाने लिहिलं आहे. इन्स्ट्रुमेंटेशनचा डिप्लोमा झाला आहे. लोटे-परशुराम औद्योगिक वसाहतीतल्या एका रासायनिक कारखान्यात सहा वर्षं मेंटेनन्सला आहेत. हातात ३४,००० रुपये येतात, मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून १६,०००. घरी आई-वडील, पत्नी, दोन वर्षांची मुलगी, सत्तर हापूसची कलमं आणि थोडा काजू. एका एजंटमार्फत अबू धाबी अमिरातीतल्या रुवैसला, एका मेंटेनन्स कंत्राटदाराकडे इन्स्ट्रुमेंट टेक्निशियनची ऑफर आली आहे. करार दोन वर्षांचा, पगार महिना ४,२०० दिरहम. एजंट ९०,००० रुपये मागतो आणि म्हणतो, 'आधी व्हिजिट व्हिसावर जा, तिकडे बदलून घेऊ.' अकरा वर्षं आखातात असलेला चुलतभाऊ गणपतीला आला तेव्हा सांगून गेला, 'इथे राहिलास तर कुजशील.' इकडचे मॅनेजर म्हणतात, थांब, पुढच्या वर्षी सुपरवायझर करतो. वडील म्हणतात, बाग कोण बघणार? वाचकाचा प्रश्न असा: 'बाहेर काम केल्याने माणूस खरोखर घडतो, की नुसते पैसे होतात? आणि तीन-चार वर्षांनी परत आलो तर इथे मला कोण विचारणार?' पंधरा दिवसांत होय-नाही कळवायचं आहे.

नमस्कार,

पत्रासोबत ऑफर लेटरची प्रत जोडलीत हे फार बरं केलंत. निम्मी उत्तरं त्या एका पानावरच आहेत. पण आधी तातडीचं.

व्हिजिट व्हिसावर जाऊ नका. त्या व्हिसावर काम करणं यूएईत बेकायदा आहे. तिथे 'बदलून घेऊ' म्हणणारा माणूस विमानतळावर भेटला नाही, तर तुमच्या हातात करार नसतो, पगाराचा पुरावा नसतो आणि दाद मागायला तोंडही नसतं. रीतसर मार्ग असा: कंपनी तिथल्या कामगार मंत्रालयाच्या नमुन्यातली ऑफर पाठवते. ती अरबी-इंग्रजीसोबत हिंदीतही मिळते आणि तिच्यावर व्यवहार क्रमांक असतो. तो क्रमांक मंत्रालयाच्या संकेतस्थळावर तपासता येतो. तुम्ही सही केल्यावर नोकरीचा प्रवेश परवाना येतो, मग विमान. तिथे उतरल्यावर वैद्यकीय तपासणी, ओळखपत्र आणि ऑफरशी जुळणारा करार. तुमच्याकडे आहे ते कंपनीच्या लेटरहेडवरचं पत्र. ती मंत्रालयाची ऑफर नव्हे.

९०,००० रुपयांचंही तसंच. भारतात नोंदणीकृत भरती एजंटाला उमेदवाराकडून जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ३५,४०० रुपये घेता येतात, तेही पावती देऊन. यूएईच्या कायद्यात तर भरतीचा खर्च मालकानेच करायचा असतो. एजंटाचं नाव ई-मायग्रेटच्या सरकारी संकेतस्थळावरच्या यादीत आहे का ते पाहा. नसेल तर पुढचं काही वाचायचीही गरज नाही, ही ऑफर सोडून द्या. दुसरी येईल. डिप्लोमा असल्यामुळे तुमच्या पासपोर्टला बहुधा इमिग्रेशन क्लिअरन्स लागत नाही. ही सोय आहे, पण तिचा एक तोटा कुणी सांगत नाही. दहावी न झालेल्या कामगाराचा करार सरकार निघण्याआधी एकदा तपासतं. तुमचा कुणी तपासत नाही. तुम्हालाच तपासायचा आहे.

आता मूळ प्रश्न. 'बाहेर गेल्याने माणूस घडतो का' असं तुम्ही विचारलंत, पण पत्र दोनदा वाचल्यावर त्यात तीन प्रश्न एकमेकांत गुंतलेले दिसतात: पैसा, हातातलं काम आणि मान. कोकणात या तिघांचं गाठोडं फार जुनं आहे. मुंबईच्या गिरण्यांच्या काळापासून चाकरमान्याची प्रगती गणपतीला तो काय घेऊन आला यावर मोजली गेली. पेटी जड, तर माणूस मोठा झाला. चुलतभावाचं 'कुजशील' हे त्याच तराजूतून आलेलं आहे. त्याला खोटं ठरवण्याचं कारण नाही. पण अकरा वर्षांत तो कोणत्या कामावरून कोणत्या कामावर गेला, हे तुम्ही त्याला विचारलंत का? पत्रात त्याच्या घराच्या स्लॅबचा उल्लेख आहे, हुद्द्याचा नाही.

पैसा आधी मोकळा करून घेऊ, म्हणजे बाकीच्या दोन्हींकडे नीट बघता येईल. दिरहम हिशेबापुरता २३ रुपयांचा धरतो. ४,२०० म्हणजे ९६,६०० रुपये. हा आकडा तुम्ही घरी सांगितलाय. पण ऑफर लेटरच्या दुसऱ्या परिच्छेदात त्याची फोड आहे: मूळ पगार १,७००, घरभाडं १,३००, प्रवास ४००, साइट भत्ता ८०० 'हजेरीनुसार'. खाली बारीक अक्षरात, 'कंपनीने निवास दिल्यास घरभाडं लागू नाही.' रुवैस हे अबू धाबी शहरापासून लांबचं तेल-वायूचं ठिकाण आहे. तिथे कंत्राटदाराची माणसं कॅम्पमध्येच राहतात. म्हणजे तुम्हाला खोली मिळणार, आणि ४,२०० चे २,९०० होणार. जेवण स्वतःचं असेल तर ५५० दिरहम, फोन १००, बाकी किरकोळ २५० धरा. उरले २,०००, म्हणजे ४६,००० रुपये. घरखर्चाला २५,००० पाठवलेत तर शिल्लक २१,००० आणि दोन वर्षांत पाच लाख. तेच खोली मिळूनही घरभाडं कापलं नाही, तर शिल्लक महिना ५०,९०० आणि दोन वर्षांत बारा लाखांच्या वर. एका ओळीने सात लाखांचा फरक पडतो. त्या ओळीवर लेखी खुलासा मागा. 'वैसा कुछ नहीं होता भाई' हा खुलासा नव्हे.

मूळ पगार कमी ठेवण्यामागेही हिशेब असतो. ओव्हरटाइम मूळ पगारावर निघतो: १,७०० भागिले ३० दिवस, भागिले ८ तास, त्यावर २५ टक्के वाढ. तासाला नऊ दिरहमसुद्धा होत नाहीत. तुम्ही ४,२०० वर हिशेब करून बावीस धरले असतील. नोकरी संपतानाची ग्रॅच्युइटीही मूळ पगारावरच: पहिल्या पाच वर्षांसाठी दर वर्षाला २१ दिवसांचा पगार, त्यापुढे ३० दिवसांचा. दोन वर्षांचे तुमचे २,३८० दिरहम, म्हणजे ५४,७४० रुपये. गंमत अशी की लोट्यातल्या कारखान्याकडे तुमची याहून थोडी जास्त ग्रॅच्युइटी आत्ताच जमा आहे. पाच वर्षं पूर्ण झाली आहेत, त्यामुळे राजीनामा दिलात तरी १६,००० गुणिले १५ भागिले २६ गुणिले ६, सुमारे ५५,४०० रुपये तुमचे आहेत. सोडताना मागून घ्या. पुष्कळ जण घाईत विसरतात, आणि आठवण करून द्यायची घाई कुणालाच नसते.

तेव्हा पैसे होतात का? होतात. पण आकडा तुम्ही समजता तो नाही, आणि तो कराराच्या भाषेवर ठरतो, देशावर नाही.

आता काम. इथे मला चुलतभावाच्या 'कुजशील' या शब्दाशी जरा भांडायचं आहे. सहा वर्षांत तुम्ही काय काय केलंत ते पत्रात सहज येऊन गेलंय: रिॲक्टरच्या लेव्हल ट्रान्समीटरची इम्पल्स लाइन चोक होते म्हणून डायफ्रॅम सीलचा प्रकार बसवून घेतलात, पावसाळ्यात जंक्शन बॉक्समध्ये पाणी शिरतं म्हणून केबल वरून न घेता खालून घेऊन ग्लँड बदललेत, व्हेंडर आला नाही तेव्हा पीएलसीचा (यंत्रं चालवणाऱ्या कंट्रोल संगणकाचा) इंटरलॉक, म्हणजे धोका दिसताच यंत्र थांबवणारी सोय, समजून घेऊन दोष शोधलात, स्पेअरची मागणीही तुम्हीच लिहिता. लोट्यातल्या मध्यम कारखान्यात तीन माणसं सगळं करतात. ओढाताण होते, पण हात सगळीकडे फिरतो. मोठ्या प्रकल्पात कंत्राटदाराच्या टेक्निशियनला हे मिळेलच असं नाही. तिथे कॅलिब्रेशनची टोळी वेगळी, कंट्रोल व्हॉल्व्हची वेगळी, डीसीएसला, म्हणजे अख्खा प्लांट चालवणाऱ्या संगणक यंत्रणेला, हात लावणारे वेगळे आणि निर्णय घेणारा मालक कंपनीचा इंजिनिअर. तुम्ही चार वर्षं फक्त प्रेशर ट्रान्समीटर उतरवून, वर्कशॉपमध्ये पाच बिंदूंवर तपासून, परत चढवत राहिलात तर पैसे मिळतील. पण चौथ्या वर्षी तुम्ही आजच्यापेक्षा कमी प्रकारची कामं करणारा माणूस व्हाल. खरं कुजणं ते, आणि ते एसीच्या वर्कशॉपमध्येही होतं.

दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. मोठ्या प्लांटची शिस्त इथे सहसा बघायला मिळत नाही. परमिट हातात आल्याशिवाय स्पॅनर लागत नाही. इंटरलॉक बायपास करायचा तर रजिस्टरला नोंद, वरची सही, आणि किती वाजता काढला तेही. ट्रान्समीटर काढला तेव्हा काय दाखवत होता आणि लावताना काय दाखवला, या दोन्ही नोंदी ठेवल्याशिवाय काम पूर्ण होत नाही. इकडे आपण पहिली नोंद ठेवतच नाही. 'झिरो सरकला होता, सेट केला' म्हणून मोकळे होतो. मग सरकतो का, दर किती महिन्यांनी सरकतो, हे कधीच कळत नाही. शिफ्ट बदलताना लेखी हँडओव्हर, नेपाळी फिटर, फिलिपिनो सुपरवायझर आणि केरळी प्लॅनर यांच्यासोबत मोजक्या इंग्रजीत काम उरकणं, आणि शटडाऊनमध्ये, म्हणजे दुरुस्तीसाठी प्लांट बंद असताना, शेकडो लूप (मोजमाप-नियंत्रणाच्या जोडण्या) ठरलेल्या दिवसांत तपासून देणं, हे शिकलेला माणूस परत आला की वेगळा दिसतो. निदान पहिली दोन-तीन वर्षं नक्की शिकायला मिळतं. त्यानंतर तेच परत परत येतं.

म्हणून घडणं आणि न घडणं हे रुवैस आणि लोटे यांच्यात वाटलेलं नाही. ते तुम्हाला कोणतं काम देणार यात आहे, आणि हे निघण्याआधी विचारता येतं. एक छोटी ईमेल लिहा. व्हिसावर हुद्दा काय असेल? 'टेक्निशियन' की 'हेल्पर'? हा प्रश्न क्षुल्लक वाटतो, पण पुढच्या नोकरीत अनुभव मोजताना कागदावर हाच शब्द बघतात. काम वर्कशॉपमध्ये की फील्डमध्ये? नुसती देखभाल की शटडाऊन आणि कमिशनिंगही? कोणती डीसीएस, कोणते व्हॉल्व्ह पोझिशनर? धोकादायक क्षेत्रातल्या कामासाठी कॉम्पेक्ससारखं प्रमाणपत्र कंपनी करून देते का, आणि दिलं तर खर्च पगारातून कापते का? अनुभवपत्रात प्रत्यक्ष प्लांटचा आणि कामाचा उल्लेख असेल का, की नुसतं 'आमच्याकडे होता' एवढंच? या सहा प्रश्नांची उत्तरं एचआरचा माणूस दोन दिवसांत देऊ शकतो. तो टाळत असेल तर तुम्ही टेक्निशियन म्हणून जात नाही आहात, संख्या म्हणून जात आहात.

प्रमाणपत्रांचं निघालंच आहे तर: निघण्याआधी सेफ्टीचा महागडा आंतरराष्ट्रीय कोर्स करा असं कुणी सांगेल. सेफ्टी ऑफिसर व्हायचं असेल तर ठीक. इन्स्ट्रुमेंटच्या माणसाला त्याने वरची पायरी मिळत नाही. तुमच्या कामाला कॉम्पेक्सचे पहिले चार भाग जास्त जवळचे आहेत. पण तेही पाच वर्षांनी नव्याने करावं लागतं, तेव्हा नोकरी नक्की झाल्यावरच खर्च करा.

'परत आलो तर कोण विचारणार' याचं खरं उत्तर इथे आहे. आखातातून आलेल्या माणसाला इथे दोन अडचणी येतात. पगाराची अपेक्षा तिकडची असते, आणि हातातलं काम अरुंद झालेलं असतं. पहिली अडचण वर्षभरात मिटते, माणूस जुळवून घेतो. दुसरी मिटत नाही. महाड, रोहा, लोटे इथले कारखाने असा माणूस शोधतात जो सकाळी व्हॉल्व्ह बघेल आणि दुपारी पीएलसी. बारा वर्षं एकच टेबल सांभाळलेल्याला ते घेत नाहीत, घेतलं तर तुमच्या आजच्याच पगारावर. तेव्हा तिकडे गेलात तर एक वही ठेवा. दर आठवड्याला कोणतं उपकरण, काय बिघाड, कारण काय निघालं, किती वेळ लागला, एवढंच. फोटो काढू नका, ड्रॉइंग बाहेर आणू नका, प्लांटमध्ये फोटो काढणं नोकरीवर बेततं. पण स्वतःच्या शब्दांतली वही तुमची आहे. चार वर्षांनी मुलाखतीत अनुभवपत्रापेक्षा तीच जास्त बोलते.

तीच वही आज, निघण्याआधी, मागच्या बारा महिन्यांची लिहून बघा. आठवतील तेवढे बिघाड लिहा. त्यातले किती तुम्ही पहिल्यांदाच सोडवलेत? निम्म्याच्या जवळ असतील तर तुम्ही कुजत नाही, कंटाळलायत. ते वेगळं, आणि त्याला औषधही वेगळं. चार-पाचच असतील तर चुलतभाऊ बरोबर आहे, पण मग लोटे सोडणं हा एक उपाय आणि भारत सोडणं हा दुसरा. मधला रस्ता तुमच्या पत्रात कुठे दिसत नाही. दाभोळचं एलएनजी टर्मिनल किंवा जयगडची वीज तुमच्या जिल्ह्यातच आहे. दहेज, जामनगरकडे मोठ्या शटडाऊनसाठी महिना-दीड महिन्याची माणसं घेतात. एक मोठं शटडाऊन केलेला माणूस आखातातल्या मुलाखतीत आज तुम्ही आहात त्यापेक्षा वरच्या ठिकाणाहून बोलतो, आणि मोठ्या प्लांटचं काम आपल्याला झेपतं की नाही हे त्याला घराजवळच कळलेलं असतं. यात वर्ष जाईल. २९ व्या वर्षी एक वर्ष म्हणजे फार नाही.

मॅनेजरच्या शब्दाचं काय? 'पुढच्या वर्षी करतो' याला तारीख आणि आकडा नसेल तर तो शब्दच आहे. त्यांना सरळ सांगा की ऑफर आहे, दडवू नका. मग विचारा: सुपरवायझर झालो तर हाताखाली किती माणसं, पगार किती, कोणत्या महिन्यापासून? जमल्यास ईमेलवर. चांगला मॅनेजर या प्रश्नाने रागावत नाही. सुपरवायझरचं एक वर्ष पदरात पाडून मग गेलात तर तिकडेही ऑफर वेगळ्या रकान्यात येते, हे त्यांना सांगायची गरज नाही.

आता मान आणि माणूस. परदेशात राहून माणूस बदलतो यात शंका नाही. चार-सहा जणांच्या खोलीत राहायचं, स्वतःचा डबा करायचा, आजारी पडलात तर स्वतः जाऊन सांगायचं, पगार चुकला तर भाषा येत नसताना तक्रार लिहायची. ज्याने हे केलं तो वाडीतल्या वादात पूर्वीसारखा गप्प बसत नाही. पण एक गोष्ट जाणाऱ्याच्या लक्षात येत नाही: तो घडत असताना घरही घडत असतं, त्याच्याशिवाय. बँक, शाळा, डॉक्टर, वीजबिल, आगोटीची, म्हणजे पावसाळ्याआधीची खरेदी, सगळं पत्नी शिकते. पहिल्या रजेला तुम्ही येता आणि जुन्या सवयीने निर्णय द्यायला लागता. इथे पहिला खटका उडतो. ती पूर्वीची राहिलेली नसते, आणि तुम्हाला वाटतं घर बदललं. अशा घरांत पाहुण्यासारखं वाटण्याची तक्रार दोन्हीकडून येते. यावर उपाय साधा आहे, पण आधी करायचा असतो: कोणते निर्णय ती एकटी घेणार, कोणते फोनवर विचारून, आणि कोणते तुमच्या रजेपर्यंत थांबणार, हे बसून ठरवा. व्हॉट्सॲपवरचे कॉल तिथे चालत नाहीत, बोटिमसारखी परवानगी असलेली ॲप वापरतात. ते तिच्या फोनवर निघण्याआधी चालू करून बघा, तिकडून समजावत बसू नका. वेळेत दीड तासाचा फरक आहे, तुमची शिफ्ट संपते तेव्हा मुलगी झोपलेली असते. म्हणून रोजच्या अर्ध्या तासापेक्षा सुट्टीच्या सकाळचा एक निवांत तास धरा.

कुटुंब तिकडे नेण्याचं तुम्ही एका ओळीत लिहिलंत, 'नंतर बोलावून घेईन'. त्यासाठी पगार ४,००० दिरहम, किंवा ३,००० आणि वर निवास, अशी अट आहे. २,९०० वर ते दार बंद आहे. वरच्या त्या बारीक अक्षरातल्या ओळीचं हे दुसरं ओझं.

बागेबद्दल वडील बरोबर बोलतायत, फक्त थोडं अपुरं. सत्तर कलमांना रोज माणूस लागत नाही. पावसात कल्टार (मोहोर यावा म्हणून झाडाला देतात ते औषध), नोव्हेंबरपासून मोहोराच्या फवारण्या, मार्च ते मे काढणी, एवढ्याच वेळी हात हवा असतो. बासष्टीच्या माणसाने झेला (आंबे उतरवायची जाळीची काठी) घेऊन फांदीवर चढू नये. तुम्ही जाणारच असाल तर दोन हंगाम बाग कराराने द्या, आणि तोंडी नको, लेखी द्या: रक्कम, हप्ते, फवारणी कोणाकडे, फांद्या तोडायच्या नाहीत. व्यापाऱ्याने दोन वर्षांत कल्टारचा मारा करून झाड थकवलं तर ते परत ताळ्यावर यायला आणखी वर्षं जातात. मात्रेचा उल्लेख करारात हवा.

बागेचं आणखी एक कलम आहे, जे आखाती पैशावर स्वप्न बांधणाऱ्या कोकणी माणसाला उशिरा कळतं. नोकरीसाठी बाहेर राहणारा भारतीय परकीय चलनाच्या कायद्यात अनिवासी ठरतो, आणि अनिवासी भारतीयाला शेतजमीन, बागायत किंवा फार्महाऊस विकत घेता येत नाही. वारशाने आलेली ठेवता येते, आधी घेतलेली ठेवता येते, घर बांधायला बिनशेती प्लॉट किंवा फ्लॅट घेता येतो. शेजारच्या दोन एकरांसाठी तुम्ही तिकडे पैसे साठवणार असाल तर तो व्यवहार परत आल्यावरच होईल, किंवा पत्नीच्या नावावर, जर ती इथेच राहणार असेल आणि पैसा सरळ मार्गाने आला असेल. बक्षीसपत्र, कुलमुखत्यार असल्या आडवाटा धरू नका. सातबाऱ्यावर आजोबांचं नाव अजून असेल तर वारस नोंद निघण्याआधी उरकून घ्या. दूतावासातून कागद पाठवत बसण्यापेक्षा तलाठ्याकडे दोन चकरा स्वस्त पडतात.

बाकी कागद लवकर उरकतो. साधं बचत खातं एनआरओ, म्हणजे अनिवासींचं इथल्या पैशांसाठीचं खातं, करून घ्या. तिकडचा पगार एनआरई (परदेशातल्या कमाईसाठीच्या) खात्यात पाठवा, तिथलं व्याज भारतात करमुक्त आहे. पीपीएफ असेल तर मुदतीपर्यंत चालू ठेवता येतं, नवीन उघडता येत नाही. पीएफसोबतच्या पेन्शन योजनेत तुमची सहा वर्षं झालीत, दहा झाल्याशिवाय पेन्शन नाही. म्हणून ती रक्कम काढू नका, फॉर्म १० सी भरून स्कीम सर्टिफिकेट घ्या, म्हणजे परत आल्यावर पुढची चार वर्षं त्यातच मिळतील. डिप्लोमाच्या प्रमाणपत्राला राज्य, परराष्ट्र मंत्रालय आणि यूएई दूतावास अशा क्रमाने शिक्के लागतात, त्याला काही आठवडे जातात. छातीचा एक्स-रे इथेच काढून घ्या. क्षयरोगाचा जुना डाग निघाला तर तिकडच्या तपासणीत अडचण होते, आणि ते नोकरी सोडल्यावर कळणं वाईट. पत्नीच्या नावे कुलमुखत्यारपत्र करायचं तर ठरावीक कामांपुरतं करा.

परतीचंही निघण्याआधीच ठरवा. आखातात माणसं ठरवून बारा वर्षं राहत नाहीत, 'आणखी एक वर्ष' असं बारा वेळा राहतात. स्लॅब, मग बहिणीचं लग्न, मग गाडी, मग पाच वर्षांनंतर ग्रॅच्युइटी २१ वरून ३० दिवसांची होते म्हणून. तुमच्या कामासाठी तीन ते पाच वर्षं हा काळ मला योग्य वाटतो. त्याहून जास्त राहायचं तर हुद्दा वर जात असेल तरच. आकडा आणि महिना घरात दोघांना माहीत असलेल्या कागदावर लिहून ठेवा. करार मधेच सोडावा लागला तर काय, तेही वाचून घ्या. प्रोबेशन सहा महिन्यांपेक्षा जास्त ठेवता येत नाही. त्या काळात देश सोडून परत यायचं तर १४ दिवसांची नोटीस लागते, नंतर करारात असेल तशी ३० ते ९० दिवसांची. पासपोर्ट मालकाने ठेवून घेणं तिथे बेकायदा आहे. 'सगळ्यांचेच ऑफिसात असतात' हे ऐकून देऊ नका.

पंधरा दिवसांचं वेळापत्रक असं धरा. पहिल्या दोन दिवसांत एजंटाची नोंदणी तपासा आणि कंपनीला ती ईमेल पाठवा. त्याच आठवड्यात मॅनेजरशी बोला. दहाव्या दिवसापर्यंत मंत्रालयाच्या नमुन्यातली ऑफर आली नाही, किंवा घरभाड्याची ओळ तशीच राहिली, तर नकार कळवा. आली, मूळ पगार निदान २,२०० पर्यंत सरकला आणि काम फील्डचं, शटडाऊनसह निघालं, तर माझं मत जाण्याच्या बाजूने आहे.

एक राहिलं. पत्रात चुलतभाऊ काय म्हणतो ते आहे, मॅनेजर, वडील, एजंट काय म्हणतात तेही आहे. पत्नीचं म्हणणं कुठेच नाही. पहिल्या वर्षाची रजा गणपतीला घ्यायची की एप्रिलमध्ये आंब्याला, हा प्रश्न तिला आज संध्याकाळी विचारा. तिच्याकडे उत्तर तयार असेल, आणि त्यानंतर ती जे आणखी बोलेल ते लिहून घ्या.